एलियस ग्रेस (कादंबरी)

एलियस ग्रेस ('उर्फ ग्रेस' या अर्थी) ही कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांची इंग्रजी कादंबरी असून ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी या दोन्ही प्रकारांत तिची गणना होते. जुलै १८४३ मध्ये टोरांटोच्या उत्तरेस, रिचमंड हिलजवळ टॉमस किनिअर हा जमीनदार आणि त्याच्या घराची व्यवस्था पाहणारी नॅन्सी माँटगोमेरी यांचे खून झाले. या प्रकरणात दोषी ठरलेली सोळा वर्षांची मोलकरीण ग्रेस मार्क्स ही कादंबरीची नायिका होय. ग्रेस ही इतिहासात खरोखर होऊन गेलेली व्यक्ती आहे. जवळजवळ २९ वर्षांच्या बंदिवासानंतर १८७२ मध्ये तिला माफी मिळाली. ती खरोखर दोषी होती किंवा नव्हती, हा प्रश्न मात्र सुटकेनंतरही मिटला नाही. कादंबरी याच प्रश्नाभोवती फिरते आणि त्याचे निर्णायक उत्तर देण्याचे हेतुपुरस्सर टाळते.

या कादंबरीला १९९६ चा गिलर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीतही तिचा समावेश होता. २०१७ मध्ये तिच्यावर आधारित सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खुनांच्या वेळी आजचा ओंटारियो प्रांत 'कॅनडा वेस्ट' या नावाने ओळखला जाई आणि तो ब्रिटिश साम्राज्याचा भाग होता. १८३७ मध्ये विल्यम लायन मॅकेंझी यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेला उठाव फसला होता, तरी त्याच्या आठवणी ताज्या होत्या. आयर्लंडमधून आलेल्या गरीब कुटुंबांची संख्या वाढत होती आणि त्यांतील अनेक मुली सुखवस्तू घरांत मोलकरणी म्हणून राबत होत्या. ग्रेस मार्क्स अशांपैकीच एक होती. तिचे कुटुंब उत्तर आयर्लंडमधून कॅनडात आले होते.

किनिअरच्या घरात ग्रेस काही आठवड्यांपूर्वीच कामाला लागली होती. त्याच घरी जेम्स मॅक्डरमॉट हा मोतद्दार म्हणून काम करीत होता. नॅन्सी ही नावाला व्यवस्थापिका असली, तरी ती किनिअरची प्रेयसी होती आणि मृत्युसमयी गरोदर होती, असे शवविच्छेदनात आढळले. खुनांनंतर ग्रेस व मॅक्डरमॉट घरातील चीजवस्तू घेऊन पळाले, ओंटारियो सरोवर ओलांडून अमेरिकेतील लुइस्टन या गावी पोहोचले आणि तेथेच पकडले गेले. या पलायनात ग्रेसने 'मेरी व्हिटनी' हे नाव धारण केले होते. खटल्याची हकिगत सांगणाऱ्या तत्कालीन पुस्तिकेत तिच्या चित्राखाली 'ग्रेस मार्क्स उर्फ मेरी व्हिटनी' असे छापले गेले. कादंबरीच्या शीर्षकातील 'उर्फ' तेथून आला आहे.

नोव्हेंबर १८४३ मध्ये टोरांटो येथे खटला चालला. किनिअरच्या खुनाबद्दल दोघांनाही दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्यामुळे नॅन्सीच्या खुनाचा स्वतंत्र खटला चालविण्याची गरज उरली नाही. ही बाब रहस्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण ग्रेसवर ज्या कृत्याचा सर्वाधिक संशय घेतला गेला, त्या नॅन्सीच्या खुनाचा न्यायालयीन निवाडा कधी झालाच नाही. मॅक्डरमॉटला २१ नोव्हेंबर १८४३ रोजी फाशी देण्यात आली. ग्रेसचे कोवळे वय आणि तिचे स्त्री असणे लक्षात घेऊन तिची शिक्षा जन्मठेपेत रूपांतरित झाली. तिची रवानगी किंग्स्टनच्या कारागृहात झाली. मधल्या काळात, १८५२–५३ मध्ये, तिला टोरांटोच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले होते. तिच्या सुटकेसाठी प्रतिष्ठित नागरिकांनी वेळोवेळी अर्ज केले. १८७२ मध्ये माफी मिळाल्यावर ती न्यूयॉर्क राज्यात गेली. त्यापुढील तिचा माग इतिहासात सापडत नाही.

लेखनाची पूर्वपीठिका

ॲटवूड यांना ग्रेसची ओळख झाली ती सुझॅना मूडी या एकोणिसाव्या शतकातील लेखिकेच्या पुस्तकातून. इंग्लंडमधून कॅनडात स्थायिक झालेल्या मूडी यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ इन द क्लीअरिंग्ज' या पुस्तकात कारागृहात आणि पुढे इस्पितळात ग्रेसला पाहिल्याचे वर्णन केले आहे. त्यांच्या कथनात ग्रेस हीच मत्सराने पेटलेली सूत्रधार आणि मॅक्डरमॉट तिच्या नादी लागलेला साथीदार ठरतो. मूडी यांची माहिती ऐकीव होती. काही नावे व तपशील चुकले होते, तर काही भीषण प्रसंगांना प्रत्यक्ष पुराव्यात आधारच नव्हता. नॅन्सीच्या मृतदेहाचे चार तुकडे करण्यात आले, हे त्यांचे विधान त्यांपैकीच एक.

मूडी यांच्या व्यक्तिमत्त्वावर ॲटवूड यांनी १९७० मध्ये 'द जर्नल्स ऑफ सुझॅना मूडी' हा काव्यसंग्रह लिहिला होता. मूडी यांचीच हकिगत ग्राह्य धरून त्यांनी कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेसाठी 'द सर्व्हंट गर्ल' हे दूरचित्रवाणी नाटक लिहिले, ते १९७४ मध्ये प्रसारित झाले. पुढे वृत्तपत्रे, खटल्याची हकिगत, कारागृहाच्या नोंदी व पत्रव्यवहार पाहिल्यावर मूडी यांचे चित्र एकांगी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. एकाच विषयावर दोन दशकांनंतर पुन्हा लिहिताना त्यांनी आपल्याच आधीच्या मांडणीपासून फारकत घेतली. कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या टिपणात त्यांनी आपला दंडक स्पष्ट केला आहे. जेथे पक्की माहिती उपलब्ध आहे तेथे ती बदलायची नाही, आणि जेथे नोंदींत परस्परविरोध वा रिक्त जागा आहेत तेथेच कल्पनेला वाव द्यायचा, असा तो दंडक होय.

कथानक

कादंबरीचा मुख्य कालखंड १८५९ चा आहे. ग्रेस आता तिशी ओलांडलेली, शांत आणि शिस्तीची कैदी आहे. दिवसा ती कारागृहाच्या अधिकाऱ्याच्या घरी शिवणकाम व घरकाम करते आणि रात्री कोठडीत परतते. अधिकाऱ्याच्या पत्नीला गाजलेल्या गुन्हेगारांची कात्रणे जमविण्याचा छंद आहे. घरी येणाऱ्या स्त्रिया चहा घेता घेता या 'विख्यात खुनी बाई'ला न्याहाळून जातात. ग्रेसच्या सुटकेसाठी झटणाऱ्या समितीचे प्रमुख, रेव्हरंड व्हेरिंजर, यांच्या निमंत्रणावरून डॉ. सायमन जॉर्डन हा तरुण अमेरिकन डॉक्टर किंग्स्टनला येतो. मनोविकारांचे अद्ययावत ज्ञान त्याने युरोपात मिळविलेले आहे. खुनाच्या वेळची आपली स्मृती हरपली आहे, असे ग्रेस सांगत असते. ती स्मृती जागवून तिच्या बाजूने अहवाल द्यावा, अशी समितीची अपेक्षा असते.

सायमन रोज तिच्यासमोर सफरचंद, बीट, कांदा अशी एखादी वस्तू ठेवतो आणि तिच्या साहचर्याने तिच्या आठवणी जाग्या होतील अशी आशा धरतो. ग्रेस त्याला आपली जीवनकथा क्रमाने सांगते. आयर्लंडमधील दारिद्र्य, व्यसनी बाप, जहाजावरील आईचा मृत्यू, समुद्रातच झालेले तिचे दफन आणि टोरांटोतील पहिली चाकरी हे सारे त्या कथेत येते. पार्किन्सन कुटुंबाच्या घरी तिला मेरी व्हिटनी ही थोडी मोठी, निर्भीड मैत्रीण भेटते. मालकाच्या मुलापासून मेरीला दिवस राहतात आणि गर्भपातानंतर ती मरण पावते. आत्म्याला बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडायची राहून गेली, ही रुखरुख ग्रेसच्या मनात घर करते. मेरीचा आवाज ऐकू आल्याचा तिला भास होतो, ती बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर आल्यावर काही काळ स्वतःला ओळखत नाही.

त्यानंतर ती किनिअरच्या घरी येते. तेथील नॅन्सीचा लहरी स्वभाव, तिचे मालकाशी असलेले संबंध, मॅक्डरमॉटची धुमसणारी चीड, शेजारच्या जेमी वॉल्श या मुलाची भाबडी ओढ आणि जेरेमाया या फेरीवाल्याने दिलेले सूचक इशारे यांतून ताण वाढत जातो. नॅन्सीवर कुऱ्हाडीचा घाव घालून तिला तळघरात टाकले जाते आणि रुमालाने तिचा गळा आवळला जातो. घरी परतलेल्या किनिअरला गोळी घातली जाते. या सर्वांतील नेमका निर्णायक भागच आपल्याला आठवत नाही, असे ग्रेस सांगते. तो रुमाल तिचा होता आणि खटल्याच्या वेळी तिच्या अंगावर नॅन्सीचे कपडे होते, या दोन गोष्टी मात्र तिच्याविरुद्ध जातात. कपड्यांची बाब न्यायालयात सांगणारा साक्षीदार दुसरा कोणी नसून जेमी वॉल्श हाच असतो.

सायमनला हवे असलेले सत्य हाती लागत नाही, तेव्हा डॉ. जेरोम ड्यूपाँट नावाच्या संमोहनतज्ज्ञाकडून ग्रेसवर प्रयोग करविला जातो. संमोहित अवस्थेत तिच्या मुखातून एक वेगळाच, उद्धट आवाज बोलू लागतो. तो स्वतःला मेरी व्हिटनी म्हणवितो, नॅन्सीच्या हत्येत आपण ग्रेसचे शरीर वापरले असे सांगतो आणि ग्रेसला यातले काही ठाऊक नाही, असेही म्हणतो. ड्यूपाँट हा पूर्वीचा फेरीवाला जेरेमायाच असल्याचे वाचकाला ठाऊक असते. त्यामुळे हा भूतसंचार, द्विधा झालेले मन की दोघांनी मिळून वठविलेले सोंग, हा प्रश्न खुलाच राहतो. दरम्यान घरमालकीणीशी जडलेल्या अनैतिक संबंधात गुरफटलेला सायमन अहवाल न लिहिताच पळ काढतो. पुढे अमेरिकन यादवी युद्धात डोक्याला जखम होऊन त्याचीच स्मृती अंशतः हरपते.

१८७२ मध्ये ग्रेसला माफी मिळते. न्यूयॉर्क राज्यात तिची वाट पाहत असतो जेमी वॉल्श. ज्याच्या साक्षीने तिला तुरुंग दाखविला, तोच आता तिच्याकडे क्षमा मागतो आणि लग्नाची मागणी घालतो. ती होकार देते. शेवटी ग्रेस स्वतःसाठी पहिलीच गोधडी शिवायला घेते. तीत मेरीच्या परकराचा, स्वतःच्या तुरुंगातील वस्त्राचा आणि नॅन्सीच्या पोषाखाचा एकेक तुकडा जोडून तिघींना एकत्र आणण्याचा तिचा बेत असतो.

रचना व निवेदनशैली

कादंबरी पंधरा भागांत आणि त्रेपन्न प्रकरणांत विभागलेली आहे. प्रत्येक भागाला उत्तर अमेरिकेतील गोधड्यांच्या एखाद्या पारंपरिक नक्षीचे नाव दिलेले आहे. कापडाचे जुने तुकडे जोडून नवे वस्त्र करावे, त्याप्रमाणे वृत्तपत्रांतील उतारे, कबुलीजबाब, कारागृहातील शिक्षांच्या नोंदी, मूडी यांचे लेखन आणि तत्कालीन कविता प्रत्येक भागाच्या आरंभी मांडल्या आहेत. एक संपूर्ण प्रकरण खुनाची कथा सांगणाऱ्या कथागीताच्या रूपात आहे, तर काही प्रकरणे केवळ पत्रांची आहेत.

निवेदनाचे दोन मुख्य प्रवाह आहेत. ग्रेसचा भाग प्रथमपुरुषी असून त्यात संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. त्यामुळे ती मोठ्याने काय बोलली आणि मनात काय म्हणाली, हे वेगळे करणे वाचकाला अनेकदा कठीण जाते. सायमनचा भाग तृतीयपुरुषी व वर्तमानकाळात आहे. ग्रेस डॉक्टरला काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे याचा विचार वाचकापुढे उघडपणे मांडते. ऐकणाऱ्याला रस वाटावा म्हणून ती हकिगत रंगवीत असावी, असा संशय त्यातून बळावतो. दुसरीकडे, घरकामाचे, कपडे धुण्याचे व शिवणाचे तिने केलेले बारकाईचे वर्णन इतके विश्वसनीय आहे की तिचे सारेच कथन खरे मानण्याचा मोह होतो.

'अटिक विंडोज' या नक्षीबद्दल ग्रेस एके ठिकाणी बोलते. गडद तुकड्यांकडे पाहिले तर त्या गोधडीत बंद पेट्या दिसतात आणि फिकट तुकड्यांकडे पाहिले तर उघड्या पेट्या दिसतात. संपूर्ण कादंबरीची वाचनपद्धती या उदाहरणात सामावली आहे. पुरावा तोच राहतो. कोणत्या तुकड्यांना महत्त्व द्यायचे यावर ग्रेस खुनी दिसते किंवा बळी ठरते.

आशयसूत्रे

दोष आणि साक्ष: रूढ रहस्यकथेत शोध घेणारा अखेरीस सत्य उलगडतो. येथे शोधकाच्या भूमिकेत असलेला सायमन स्वतःच अपयशी ठरतो. ग्रेसच्या नावावर एकाहून अधिक परस्परविसंगत हकिगती होत्या. त्यांत वकील, वृत्तपत्रे, मूडी आणि फाशी गेलेला मॅक्डरमॉट या प्रत्येकाने आपापल्या सोयीची भर घातली. ग्रेस कोण होती यापेक्षा तिच्याविषयी बोलणाऱ्यांना ती कशी हवी होती, हे या हकिगतींतून अधिक कळते. काहींना ती मोहिनी घालणारी कारस्थानी स्त्री हवी होती, तर काहींना भोळी, फसविली गेलेली मुलगी.

वर्ग आणि स्त्रीत्व: मेरी, नॅन्सी व ग्रेस या तिघीही चाकरी करणाऱ्या स्त्रिया आहेत. मालकवर्गातील पुरुषाशी आलेला संबंध मेरी आणि नॅन्सी या दोघींच्या आयुष्यात गर्भारपणाच्या रूपाने संकट ठरतो. एक गर्भपातानंतर मरते, दुसरी गरोदरपणीच मारली जाते आणि तिसरी तीस वर्षे कोठडीत काढते. त्यांच्याशी वागताना मालकांना मात्र कोणताही जाब द्यावा लागत नाही. अखेरच्या गोधडीत या तिघी एकत्र येतात, ते याच कारणाने.

स्मृती आणि मनोविज्ञान: कथेच्या काळात संमोहन, परलोकविद्या व द्विधा व्यक्तिमत्त्व यांविषयी मोठे कुतूहल होते. फ्रॉइडच्या सिद्धान्तांना अद्याप बराच अवधी होता. शास्त्र व भोंदूगिरी यांच्या सीमारेषा पुसट असलेल्या या काळात तज्ज्ञाच्या अधिकाराला किती महत्त्व द्यावे, असा प्रश्न कादंबरी उपस्थित करते.

सुटकेनंतरचे जीवन: माफीची वार्ता ऐकून ग्रेसला निखळ आनंद होत नाही. खुनी बाई म्हणून जगाने तिला एक चेहरा दिला होता. आता अन्यायाची बळी म्हणून निराळा चेहरा धारण करणे तिला भाग पडते. जेमीला तिच्या यातना पुन्हा पुन्हा ऐकायच्या असतात आणि प्रत्येक वेळी तिच्याकडून क्षमा हवी असते. सायमनप्रमाणेच पतीलाही ती त्याला हवी तशी गोष्ट पुरविते. कायद्याने माफ केले, तरी दुसऱ्यांच्या गोष्टीतून तिची सुटका होत नाही. माफी म्हणजे निर्दोषत्वाचा निर्वाळा नव्हे, हा भेदही येथे महत्त्वाचा ठरतो. राज्याने ग्रेसला क्षमा केली, पण ती निरपराध होती असे कधी म्हटले नाही.

इतिहास आणि कल्पित

ग्रेस, मॅक्डरमॉट, किनिअर, नॅन्सी, साक्षीदार जेमी वॉल्श, बचाव पक्षाचे वकील केनेथ मॅकेंझी आणि सुझॅना मूडी ही खरी माणसे होत. खटला, शिक्षा, शिक्षेतील सूट, इस्पितळातील वास्तव्य आणि १८७२ ची माफी यांना नोंदींचा आधार आहे. सायमन जॉर्डन, त्याची घरमालकीण आणि फेरीवाला जेरेमाया ही पात्रे काल्पनिक आहेत. मेरी व्हिटनी हे नाव ऐतिहासिक असले, तरी त्या नावाच्या मैत्रिणीचे चरित्र ही लेखिकेची निर्मिती आहे. ग्रेसचे सुटकेनंतरचे वैवाहिक जीवनही कल्पित असून नोंदी जेथे संपतात तेथून ते सुरू होते.

ॲटवूड यांनी या कादंबरीच्या निर्मितीविषयी १९९६ मध्ये ओटावा येथे 'इन सर्च ऑफ एलियस ग्रेस' हे व्याख्यान दिले. ते पुढे पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. कॅनडातील ऐतिहासिक कादंबरीच्या चर्चेत त्याचा वारंवार उल्लेख होतो.

पुरस्कार

कॅनडातील प्रतिष्ठेचा गिलर पुरस्कार या कादंबरीस १९९६ मध्ये मिळाला. आदल्या वर्षी तो मुंबईत जन्मलेले लेखक रोहिंटन मिस्त्री यांच्या 'अ फाइन बॅलन्स' या कादंबरीला मिळाला होता. १९९६ च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत या दोन्ही कादंबऱ्या एकत्र होत्या. त्या वर्षीचा बुकर ग्रॅहम स्विफ्ट यांच्या 'लास्ट ऑर्डर्स' या कादंबरीला देण्यात आला. ॲटवूड यांना बुकर पुरस्कार पुढे २००० आणि २०१९ अशा दोन वेळा प्राप्त झाला.

रूपांतर

२०१७ मध्ये कॅनडाची सीबीसी व नेटफ्लिक्स यांनी ही कादंबरी सहा भागांच्या मालिकेच्या रूपात सादर केली. पटकथा सारा पॉली यांची असून दिग्दर्शन मेरी हॅरन यांनी केले. ग्रेसची भूमिका सारा गॅडन यांनी, तर डॉ. जॉर्डनची भूमिका एडवर्ड होलक्रॉफ्ट यांनी साकारली. नॅन्सीच्या भूमिकेत ॲना पॅक्विन आणि किनिअरच्या भूमिकेत पॉल ग्रॉस होते. ॲटवूड यांच्याच 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीवरील मालिका त्याच वर्षी सुरू झाल्याने दोन्ही कलाकृतींची एकत्रित चर्चा झाली. एक काल्पनिक भविष्यात आणि दुसरी नोंद झालेल्या भूतकाळात घडत असली, तरी स्त्रीच्या शरीरावर व शब्दावर इतरांचा ताबा हा दोन्हींचा समान विषय आहे. मूळ कादंबरीप्रमाणेच मालिकेतही ग्रेसच्या दोषाचा अंतिम निर्णय प्रेक्षकांवर सोपविलेला आहे.